किसन, तू बॉल मागितला होतास

किसन,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुझ्या गावाहून तेराव्याचं जेवून आलो आणि दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. वडील म्हणाले, दोन दिवस राहू दे, मी बसतो. पण घरात बसून मी काय करणार होतो? इथं जालन्याच्या सदर बाजारात निदान माणसं येतात-जातात. त्यातलं एखादं तरी रोज कापडाचं ठाण हातातलं बाजूला ठेवतं आणि तुझ्यावर बोलायला लागतं.

सगळे एकाच किसनबद्दल बोलतात. आपल्या गोलसमोर बॉल पायात घेतला आणि समोरच्यांना अंगावर घेत थेट त्यांच्या गोलपर्यंत नेला, तो किसन. कुणी म्हणतं चारजणांना चुकवलं, कुणी म्हणतं सातांना. परवा एकजण नऊवर गेला. मी म्हटलं, दोघं राहिले कशाला, त्यांनाही घ्या. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

तो किसन मीही पाहिलेला आहे. पण मी ज्याच्याशी भांडलो आणि ज्याच्याकडून शिकलो, तो किसन नंतरचा. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. तो जे करायचा ते दिसायला बघणाऱ्याची नजर बॉलवरून उठावी लागायची, आणि बॉल सोडून दुसरीकडे बघायला मैदानावर कोण येतं? म्हणून लिहायला बसलो. तुलाच लिहितोय, कारण माझी चूक झाली की तू मधेच तोडशील असं अजून वाटतं.

तू पहिल्यांदा छावणीच्या मैदानावर आलास तेव्हा जिनिंग मिलचा भोंगा नुकताच झाला होता. गोऱ्यांची पलटण केव्हाच उठून गेलेली, कडुलिंबाची रांग आणि मैदान तेवढं मागं राहिलेलं. तुझ्या भुवयांत, कानांत, छातीवरच्या केसांत कापूस अडकला होता. दिवसभर गाठी उचलून आल्तास. रशीदभाई तहसीलीतून सुटून तिथं आले होते. आपले कप्तान तेच आणि गोलकीपरही तेच. त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कभी खेला है?"

"न्हाई," तू म्हणालास. "पण पळतो मी."

रशीदभाईंनी बॉल तुझ्या पायात टाकला आणि म्हणाले, "पळ मंग."

तू पळालास. मी तुझ्या वाटेत होतो. मी अंगानं काडीसारखा, दुकानातली ठाणं उचलायचीही सवय नसलेला. तू माझ्या बाजूनं गेला नाहीस, माझ्यावरूनच गेलास म्हणायला हरकत नाही. मी धुळीत बसलो, चष्मा शोधला, तोवर तू गोलमध्ये पोचून आता पुढं काय करायचं असं विचारत होतास.

त्या दिवसापासून तीन वर्षं आपल्या टीमचा एकच बेत होता. किसनला बॉल द्यायचा आणि बाजूला व्हायचं. तू मधला हाफबॅक. खरं तर हाफबॅकचं काम समोरच्याचा हल्ला मोडायचा आणि बॉल पुढच्या पाचांकडे पाठवायचा. तू हल्ला मोडायचास आणि मग बॉल कुणालाच द्यायचा नाहीस. लोकांना तेच हवं होतं. त्या काळी आपल्याकडे पास देणाऱ्याला भित्रा समजायचे. बॉल दुसऱ्याला दिला म्हणजे अंगात दम उरला नाही. मी पुढच्या पाचांतला, मी पास द्यायचो, कारण माझ्या अंगात दम नव्हताच. माझ्यावर पब्लिक ओरडायचं, "शेटजी, दुकान समजून वाटून राह्यले का?"

तूच मला शांती म्हणायला सुरुवात केलीस. शांतिलाल हे नाव तुला लांब पडायचं. माझ्या घरच्यांना फुटबॉल पसंत नव्हता. व्यापाऱ्याच्या पोरानं अर्ध्या चड्डीत भर मैदानात धावावं हे वडिलांच्या गळी उतरत नव्हतं. तू एकदा दुकानात आलास, पागोट्याचं कापड पाहिलंस आणि वडिलांना म्हणालास, "काका, तुमचा शांती बॉल देतो ना, तो बराबर पायावर येतो. जरा पण इकडं तिकडं न्हाई. मापात कापल्यासारखा." वडिलांनी कापडाची घडी घातली. पण त्यानंतर मला खेळायला जाताना कुणी अडवलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुढं मी कापडाच्या खरेदीला सिकंदराबादला गेलो आणि तिथं एका संध्याकाळी एक मॅच पाहिली. अनवाणीच खेळणारी पोरं, आपल्यासारखीच, पायाला पट्ट्या बांधलेली. त्यांच्यातला एक हाफबॅक बॉल दुसऱ्याकडे द्यायचा आणि थांबायचा नाही. तसाच पुढं रिकाम्या जागेत जायचा, आणि बॉल त्याच्याकडे परत यायचा. समोरच्यांना कळायचंच नाही कुणाला धरावं. मी परत आलो तो थेट मैदानावर. बॅगही घरी टाकली नव्हती. तुला सगळं सांगितलं, काडीनं मातीत काढून दाखवलं.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "म्हंजे बॉल माझ्याकडं नसताना मी पळू?"

"हो."

"कशाला?"

"बॉल मिळावा म्हणून."

"तो तर माझ्याकडं होताच की. मंग दिला कशाला?"

मी काडीनं तीच रेघ पुन्हा गिरवली. रशीदभाई बाजूला बसून पायाची पट्टी सोडत होते. तेही म्हणाले, "मियाँ, हाफबॅक आगे जाके खडा रहेंगा तो पीछू कौन देखता? नक्को." झालं. मातीतल्या रेघा तू पायानं पुसल्यास. वरून मला म्हणालास की मी सिकंदराबादला कापड आणायला गेलो होतो, ते तेवढं आणलं का.

तो वाद आपण किती दिवस घातला. तुझ्या खोलीसमोर दगडावर बसून, रेल्वेच्या फाटकावर गाडी जायची वाट बघत, राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत रांगेत उभं राहूनसुद्धा. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपल्याला विचारलं होतं, शेताच्या बांधावरून भांडून राह्यले का रे तुम्ही? तू म्हणालास, "हो मावशे. ह्यो म्हणतो, माझं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात जा."

मग औरंगाबादची मॅच झाली. मैदानात एक खड्डा होता, गवतानं झाकलेला. कुणाचाच दोष नव्हता. तू बॉल घेऊन भरधाव निघालेला, डावा पाय त्यात गेला आणि वरचं अंग पुढं गेलं. तुझ्या गुडघ्याचा आवाज मी ऐकला. तू ओरडला नाहीस. नुसता बसून राहिलास आणि पायाकडे असा बघत होतास जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

दोन महिने तू गावी होतास. हाडवैद्यानं लेप लावले, पट्टे बांधले. परत आलास तेव्हा चालताना काही दिसत नव्हतं. पळतानाही सरळ पळत होतास. पण वळता येत नव्हतं. माणूस समोर आला की पूर्वी तू एका पायावर गिरकी घेऊन निघून जायचास. आता गुडघा ती गिरकी देत नव्हता. तू समोरच्याच्या अंगावर जायचास आणि बॉल त्याच्याकडे राहायचा. एकदा, दोनदा, दहादा. पहिल्या मॅचला लोक गप्प बसले. दुसरीला कुणीतरी ओरडलं, "किसन, अंगातला बैल विकला का रे?" तू मान वर केली नाहीस.

पुढच्या हंगामाची टीम ठरवायला रशीदभाईंनी मला तहसीलीच्या ओट्यावर बोलावलं. दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कागदावर नावं लिहिली होती, तुझंही होतं. त्यांनी विचारलं, "बोल. किसन का क्या करना?"

मी कागदावरची सगळी नावं पुन्हा वाचली. मग म्हटलं, काढा.

रशीदभाईंनी पेन्सिलीनं तुझ्या नावावर रेघ मारली. मारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, ते स्वतःहून मारू शकले नसते म्हणूनच त्यांनी मला विचारलं. मी खरं तेच बोललो होतो. त्या गुडघ्यावर तुझा जुना खेळ होणार नव्हता. पण खरं बोलून मला हलकं वाटलं नाही. मी घरी गेलो आणि दोन दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. तू भेटलास तर काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तू आमच्या दारात उभा. कामावर जायच्या आधी आल्तास. मला वाटलं, कळलं याला. पण तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तू म्हणालास, "शांती, ते तुझं सिकंदराबादचं काय होतं? मोकळ्या जागेचं. ते दाखव मला."

"आत्ता?"

"भोंगा व्हायला टाइम हाय अजून. चल जल्दी."

अशी सुरुवात झाली. रोज सकाळी भोंग्याच्या आधी आपण दोघं मैदानावर. तुला काय यायचं नाही ते पहिल्याच दिवशी कळलं. तुला बॉल घेता येत नव्हता. नेता यायचा, हिसकावता यायचा, पण कुणी दिलेला बॉल घेणं तुला ठाऊकच नव्हतं. मी लांबून मारलेला बॉल तुझ्या पायावर यायचा आणि भिंतीला लागल्यासारखा उडून जायचा. तू पाय लाकडासारखा ताठ धरायचास. मी शंभरदा सांगितलं, पाय ढिला सोड. तू म्हणायचास, सोडलाय. सोडलेला नसायचा.

हे आपल्याला वहिनींनी शिकवलं, मी नाही. तू घरी चिंध्यांचा चेंडू करून घेतला होतास. कौसल्यावहिनी चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या आणि मधेच दाराबाहेर तुझ्याकडे चेंडू फेकायच्या. एका रविवारी मी तिथं होतो. चार-पाच चेंडू तुझ्या नडगीवरून उडाले तशी त्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

"तुम्ही त्याला मारायला आल्यासारखा घेता," त्या तुला म्हणाल्या. "झोपलेलं लेकरू कुणाच्या हातातून घेता तेव्हा कसं घेता? जरा मागं होऊनच घेता ना? तसं घ्या."

तू त्यांच्याकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, "टाक बरं पुन्हा."

त्यांनी टाकला. तू पाय पुढं नेलास आणि चेंडू टेकायच्या क्षणी जरासा मागं घेतलास. चेंडू तुझ्या पायाजवळ पडला आणि तिथंच राहिला. वहिनी आत गेल्या, तव्यावरची भाकरी करपली होती. आज हे लिहिताना वाटतं, मी इतकी वर्षं फुटबॉल खेळलो, पण त्या एका वाक्याइतकं शहाणपणाचं मला कुणी सांगितलं नाही. त्यांनी मात्र तोवर एकही मॅच बघितली नव्हती.

महिनाभरानं तू पायावर, मांडीवर, छातीवर बॉल घ्यायला लागलास. पळता पळता, पाठीमागून आलेलासुद्धा. गुडघ्याला गिरकी जमत नव्हती, पण बॉल जिथं येणार तिथं आधीच तोंड करून पोचलास तर गिरकीची गरजच नव्हती. हे तू शोधून काढलंस, मी नाही. मी पाहिला होता तो खेळ बाहेरून पाहिला होता. तो आतून कसा असतो हे तू मला दाखवलंस.

रशीदभाईंना पटवायला दोन रविवार लागले. ते म्हणाले, पण मागं कोण थांबणार? मी म्हटलं, किसन पुढं गेला की मी मागं येतो. माझी जागा त्याची आणि त्याची माझी. त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू रोकेंगा?" पण तुला टीममध्ये घेतलं. मी तुझं नाव परत घालायला सांगितलं तेव्हा ते फक्त हसले.

पहिल्या काही मॅचचं आठवतं का? तू बॉल मला द्यायचास आणि निघायचास. डावीकडं, उजवीकडं, पुढच्या पाचांच्याही पुढं. माझ्याशिवाय कुणी तुला बॉल देतच नव्हतं. बाकीच्यांना वाटायचं, हाफबॅक तिथं काय करतोय? आणि मी दहातले चारच देऊ शकायचो. उरलेल्या सहा वेळा तू नुसता पळून, हात वर करून, परत यायचास. लोक हसायचे. "किसन भटकून राह्यला रे." मी एकदा हाफटाइमला म्हटलं, किसन, तू फुकट पळतोयस, दमशील. तू चूळ भरलीस आणि म्हणालास, "फुकट कसा? मी गेलो तिकडं त्यांचा एक माणूस माझ्यामागं आल्ता. तो कुठून आल्ता ते बघ ना."

मी तेव्हापासून ते बघायला शिकलो. मी चष्म्यातून बॉल बघायचो, तू मैदान बघायचास.

जर्मनीशी लढाई सुरू झाली तसे बॉलच्या आतले रबरी ब्लॅडर मिळेनासे झाले. आपला एकच ब्लॅडर, त्याला सायकलच्या दुकानातून इतकी ठिगळं लावली की बॉल गोल राहिला नव्हता. टप्पा पडला की कुठं जाईल सांगता यायचं नाही. आणि तसल्या बॉलला तू पायावर असा घ्यायचास की तो शहाणा होऊन बसायचा. त्या दोन वर्षांत आजूबाजूच्या टीमचे हाफबॅकही पुढं येऊन बॉल मागायला लागले. अंबडकडचे आधी, मग परभणीचे. एकजण तर तुझ्यासारखा हात वर करायचा, डावाच. आपण दोघं बाजूला बसून बघत होतो. तू म्हणालास, "हात बराबर करून राह्यला, पण बॅककडं बघत न्हाई. शिकंल."

आता रेल्वेवाल्यांच्या मॅचबद्दल. हा वाद आपला मिटलाच नाही.

एक-एक गोल झालेला, शेवटची काही मिनिटं. अंगातला घाम सुकून मीठ झालेलं. रेल्वेचे दोन्ही बॅक, गोलपुढं राखण करणारे, बूट घालून खेळायचे, दणकट. रशीदभाईंनी लांब मारलेला बॉल माझ्याकडे आला आणि तू माझ्या मागून डाव्या अंगानं निघालास. मला तू दिसण्याआधी तुझा आवाज आला. "शांती, दे!" तू असा कधी ओरडायचा नाहीस. आपल्यात ओरडायची गरजच नसायची. मी मान वर केली. तू कोपऱ्याच्या दिशेनं पूर्ण पळत होतास, त्या गुडघ्यावर, हात वर. एक बॅक तुझ्यामागं गेला. मग दुसराही गेला. कारण तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं की शांतिलाल किसनलाच बॉल देतो.

मधे कुणी उरलं नाही. मी बॉल दिला नाही. सरळ आत गेलो आणि गोलकीपरच्या बाजूनं मारला.

मला लोकांनी खांद्यावर घेतलं. फेटे उडाले. कुणीतरी झेंडूचा हार घातला, तो गळ्याला टोचत होता. तू कोपऱ्यात बसला होतास, पाय पुढं करून, गुडघा दोन्ही हातांनी दाबत. लोक मला घेऊन तुझ्याजवळून गेले तेव्हा तू खालून म्हणालास, "शेटजी, वरून मैदान कसं दिसून राह्यलं?" सगळे हसले. मीही हसलो. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की मला खाली उतरवा आणि याला उचला. मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात माझंच नाव होतं आणि मी ते ऐकून घेतलं.

त्यानंतर चार वर्षं आपण त्यावर थट्टा केली. मी म्हणायचो, तू त्यांना फसवायला ओरडलास, काय हुशारी केलीस. तू म्हणायचास, "मी फसवलं न्हाई कुणाला. मी बॉल मागितला. तू दिला न्हाईस." म्हणताना हसायचास. त्यामुळे मला कधी कळलं नाही की यातली थट्टा किती आणि खरं किती. मी कधी नीट विचारलंही नाही. उत्तराची धास्ती असावी.

मग ताप आला. मोतीझरा, म्हणजे टायफॉइड. पहिला आठवडा तू कामावरच जात होतास, असं वहिनी म्हणाल्या. मी तुझ्या गावी आलो तेव्हा दुपार होती. तुला ओसरीवर वाऱ्याला बाज टाकून निजवलं होतं. तुझे हात बघून मला धक्का बसला. गाठी उचलणारे हात ते, माझ्या हातांसारखे झाले होते. लढाई संपली तरी औषधं मिळत नव्हती. जालन्यातून जे मिळालं ते मी आणलं होतं. वहिनींनी ते कपाळाला लावून आत ठेवलं.

मी तुझ्याजवळ बसलो. त्या दिवशी मी ठरवून आलो होतो. म्हटलं, "किसन, तुला एक सांगायचं राहून गेलंय. लई जुनं आहे."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंस. म्हणालास, "राहू दे ते. त्या रेल्वेच्या मॅचचं बोल."

"त्याचं काय?"

"विचार की. तुला विचारायचंय ना कधीपास्नं."

मी विचारलं. "खरं सांग. तुला बॉल हवा होता का?"

"हवा होता," तू म्हणालास. लगेच. मग दम घेतलास, पाणी मागितलंस, दोन घोट प्यालास. "बिलकुल हवा होता. ज्याला बॉल नको असतो तो खोटं पळतो, शांती. बॅकला ते कळतं. तो येत न्हाई मागं."

तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. तापानं तो तव्यासारखा तापला होता. "पण तू दिला न्हाईस ते बराबर केलंस," तू म्हणालास. "मी असतो तर मी पण दिला नसता. गोल झाला, तेवढ्यासाठी त्या रात्री मला झोप लागली. न्हाईतर लागली नसती."

मला जे सांगायचं होतं ते त्या दिवशी राहिलं. मी उठताना पुन्हा तोंड उघडलं तर तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, थकला. परत येताना सगळी वाट मी स्वतःला सांगत आलो, पुढच्या खेपेला सांगू. पुढची खेप झाली नाही.

तेराव्याला पंगती उठल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, थकलेले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेत कोण बघणार, जालन्याची खोली सोडायची का. मी म्हटलं, जे लागेल ते हक्कानं सांगा. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तर घरचेच. ते म्हणायचे ना."

"काय म्हणायचे?"

"तुम्ही टीममधून त्यांचं नाव काढलं, तवाचं." त्यांनी ते इतकं साधं सांगितलं की मला आधी कळलंच नाही. "तहसीलीतल्या शिपायानं दाराआडून ऐकलं होतं, त्यानं त्यांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या दिवशी जेवले न्हाईत. मी म्हणलं, असला कसला दोस्त, जाऊन विचारा त्याला. तर म्हणले, विचारून काय करू, खरंच बोलला तो. अन् म्हणले, ज्यानं नाव काढलं त्यालाच दिसलंय माझ्यात काय राह्यलं न्हाई. मंग काय राह्यलंय ते पण त्यालाच दिसंल. सकाळी उठून तुमच्याकडंच आले."

मग वहिनी म्हणाल्या, "मला सांगितलं होतं, शांतीला म्हणू नको मला माहीत हाय म्हणून. त्याला उगं लागून राहील."

म्हणजे दारात उभा राहून तू मोकळ्या जागेचं विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. सहा वर्षं रोज माझ्या पासवर पळालास, तेव्हा माहीत होतं. लोकांच्या खांद्यावर बसलेल्या मला खालून हाक मारलीस तेव्हाही. आणि ओसरीवर, ताप चढलेला असताना, मी तोंड उघडताच तू बोलणं मॅचकडे वळवलंस, कारण माझ्या तोंडून ते काढून घेऊन मला लाजवायचं नव्हतं तुला.

रागावलो असं लिहायला हवं होतं मी. तू मला सांगायला हवं होतंस, मला भांडायची संधी द्यायला हवी होतीस. पण राग येत नाही. त्या सहा वर्षांचंच आठवत राहतं. माझ्यासारख्या काडीच्या माणसाला तू दिलेली सहा वर्षं. सकाळची थंडी, ठिगळांचा बॉल, तुझा वर गेलेला डावा हात, आणि मी जिथं बॉल मारीन तिथं तू असशीलच हा भरवसा. एवढा भरवसा मी व्यापारात, नात्यात, कशातच पाहिला नाही. जन्मभर पुरेल इतका मिळाला मला.

दोस्तांमध्ये आभार मानत नाहीत, माहीत आहे. तरी मानतो. आणि जे राहिलं ते आता सांगून टाकतो. किसन, तुझं नाव मीच काढलं होतं. तुला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नव्हतंस.

तुझा,
शांती